सात वर्षांचे मूल आणि वर्गाची किल्ली

कॅथलिक परंपरेत मुलाची सात वर्षे पूर्ण होण्याला वेगळा अर्थ आहे. १९८३ साली लागू झालेल्या चर्चच्या कायदासंहितेनुसार सात वर्षांखालचे मूल अजाण धरले जाते. सात पूर्ण झाली की त्याला बरेवाईट उमजते असे गृहीत असते. ही कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. १९१० साली पोप दहावे पायस यांनी आदेश काढला, की मुलांना पहिले कम्युनियन, म्हणजे मिस्साच्या उपासनेतली पवित्र भाकर, साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास द्यावे. तोवर अनेक देशांत मुलांना दहा, बारा, कधी चौदा वर्षांपर्यंत ताटकळत ठेवले जाई. सात वर्षांच्या मुलाला सगळे धर्मशास्त्र कळत नाही हे पोपना ठाऊक होते. पण रोजची भाकर आणि मिस्सातली भाकर यांतला फरक त्याला कळतो आणि आपले चुकले हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगता येते. तेवढे पुरेसे आहे, असा तो निर्णय होता.

कॅथलिक प्राथमिक शाळेची घडण या विचाराला धरून आहे. बालवाडीपासून पाचवीपर्यंतच्या सात-आठ वर्षांत मुलाला वाचता, लिहिता आणि हिशेब करता आला पाहिजे, हे कुठल्याही शाळेचे काम आहे. त्याच वर्षांत मोठ्यांच्या हातातली कामेही एकेक करून मुलाच्या हाती जायला हवीत. आपले दप्तर आपण भरणे, वर्ग उघडणे, भांडण झाल्यावर स्वतः जाऊन बोलणे, दिवस कसा गेला हे स्वतःशी तपासणे ही ती कामे. जबाबदारी मोठेपणी एकदम अंगावर पडू नये, ती वयाच्या मानाने थोडी थोडी मिळत जावी, अशी ही धारणा आहे. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी विसाव्या शतकात मुलांच्या विचारशक्तीचे जे टप्पे मांडले, त्यांतही सातवे वर्ष वळणाचे आहे. पसरट भांड्यातले पाणी उंच भांड्यात ओतले तरी तेवढेच राहते, हे मुलाला साधारण याच सुमाराला पटू लागते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात या विचाराची कसोटी निराळ्या रीतीने लागते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. चर्चच्या रचनेत तो १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतो. या धर्मप्रांताचा पसारा अहिल्यानगरपासून सातपुड्यापर्यंत आहे. अक्कलकुवा गाव बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर, गुजरातच्या सीमेजवळ आहे. उत्तरेला डोंगर चढत गेले की मोलगी लागते आणि त्याही पलीकडे नर्मदेच्या काठी मणिबेली, चिमलखेडी ही गावे आहेत. तालुक्यातली बहुसंख्य वस्ती भिल्ल आणि पावरा आदिवासींची आहे. घरात भिलीची वेगवेगळी रूपे किंवा पावरी बोलली जाते. मराठी बहुतेक मुलांच्या कानावर पहिल्यांदा नीट पडते ती शाळेत. कॅथलिक समाज इथे अगदी थोडा आहे. अक्कलकुवा गावातली सर्वांत मोठी धार्मिक शिक्षणसंस्था मुस्लिम समाजाची आहे. जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम ही ती संस्था मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ साली सुरू केली. आदिवासी पट्ट्यातल्या मिशनच्या शाळेत फादर आणि सिस्टर कॅथलिक असतात, पण बाकांवर बसलेली बहुतेक मुले कॅथलिक नसतात.

डोंगरातल्या पाड्यावरचे सात वर्षांचे मूल घरी काय काय करते, हे पाहिले म्हणजे कसोटी कुठे आहे ते कळते. आई-बाप शेतावर गेले की धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन ते घर सांभाळते. शेळ्या वळायला नेते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडू लागली की घरच्यांबरोबर पहाटे अंधारात फुले वेचायला निघते. पाणी कुठे मिळेल, कुठल्या ओहळात उतरायचे नाही, कुठल्या झाडाखाली थांबायचे नाही हे त्याला ठाऊक असते. शहरातल्या त्याच वयाच्या मुलाला बुटाची नाडी कोणी बांधून द्यावी लागते. म्हणजे स्वावलंबनात हे मूल शाळेच्या पुढे आहे आणि शाळेच्या भाषेत व अक्षरांत ते मागे आहे. चूक होते ती इथे. मराठी बोलता येत नाही म्हणून त्याला काहीच येत नाही असे मानले जाते. घरी अख्खा कळप राखणारे मूल मग पाणी प्यायला उठण्यासाठी हात वर करून बसते. चौथीपर्यंत त्याला सांगितल्याशिवाय काही न करण्याची सवय लागते. आदिवासी मुलाचे शाळेत होणारे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे आणि ते कुठल्याच परीक्षेच्या गुणपत्रिकेत दिसत नाही.

कॅथलिक शिक्षणाच्या इतिहासात या प्रश्नावरची उत्तरे सापडतात, तशी तीच चूक पुन्हा पुन्हा झालेलीही सापडते. फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आले, तेव्हा हातात घंटा घेऊन रस्त्याने फिरत आणि मुलांना गोळा करून प्रार्थना शिकवत. मुलांनी त्या पाठ कराव्या, घरी जाऊन म्हणाव्या, अशी ती पद्धत होती. पुढे फादर थॉमस स्टीफन्स यांनी प्रश्नोत्तररूपात ख्रिस्ती शिकवणीचे पुस्तक कोकणीत लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली रायतूरच्या छापखान्यात छापले गेले. ज्या स्टीफन्सनी १६१६ साली मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ दिले, त्यांनाच मुलांसाठी स्थानिक बोलीतले छोटे पुस्तक करावेसे वाटले, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. भाषा लोकांची घेतली, रीत मात्र पाठांतराची राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येशूसंघाच्या जर्मन धर्मगुरूंनी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात केंदळ, वळण या गावांकडे काम सुरू केले. तिथल्या खेड्यांतून मास्तर हाच धर्मशिक्षक असे. दिवसा पाटीवर अक्षरे, संध्याकाळी वस्तीत प्रार्थना, असा त्याचा दिनक्रम. दलित कुटुंबांतल्या मुलांना वर्गात बसून शिकायला मिळाले, ही त्या शाळांची मोठी कमाई आहे.

मुलाच्या हाती काम सोपवण्याची रीत सर्वांत बारकाईने बसवली ती फ्रान्समधल्या जाँ बाप्तिस्त द ला साल यांनी. १६५१ ते १७१९ हा त्यांचा काळ. रँस शहरातल्या गरीब कारागिरांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या आणि त्या चालवायला धर्मबंधूंचा संघ उभा केला. त्या काळी मुलांना आधी लॅटिन वाचायला शिकवत. द ला साल यांनी आधी फ्रेंच, म्हणजे मुलांची बोलायची भाषा घेतली. गरिबाचे मूल शाळेत फार वर्षे टिकत नाही, तेवढ्या काळात त्याला उपयोगाचे वाचता आले पाहिजे, हे त्यांचे कारण होते. अक्कलकुव्याच्या शिक्षकालाही ते कारण परके वाटणार नाही. त्यांच्या शाळा कशा चालवाव्या हे सांगणारे पुस्तक १७२० साली छापले गेले. त्यात मुलांनी सांभाळायच्या कामांची यादीच आहे. एकाने घंटा वाजवायची, एकाने प्रार्थना सांगायची, काहींनी कागद वाटायचे आणि गोळा करायचे, काहींनी झाडायचे, एकाने शाळेची किल्ली सांभाळून सकाळी वेळेवर दार उघडायचे. गैरहजर मुलांच्या घरी जाऊन चौकशी करणारीही मुले नेमलेली असत. प्रत्येकाला काही गल्ल्या वाटून दिलेल्या असत, आणि कोण का आले नाही हे त्याने गुरुजींना येऊन सांगायचे असे. भारतातल्या मिशनच्या शाळांत मॉनिटर आला तो बहुधा वर्गातला गोंगाट थांबवण्यासाठी आणि फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहिण्यासाठी. किल्ली सांभाळणारा आणि गैरहजर सोबत्याच्या घरी जाणारा मुलगा वाटेत कुठेतरी गळाला. तो परत आणण्याजोगा आहे.

बालवाडी आणि पहिलीच्या वर्षांत मुलाचे शिकणे हातांतून आणि कानांतून होते. हे शास्त्रशुद्ध रीतीने दाखवून देणाऱ्या मारिया मॉन्टेसरी स्वतः कॅथलिक होत्या. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. मुलाच्या उंचीचे टेबल, त्याला उचलता येईल अशी खुर्ची, चुकले तर साधनच चूक दाखवून देईल अशी दट्ट्यांची पेटी, बटणे लावण्या-काढण्याच्या चौकटी, अशी तिथली मांडणी होती. मोठ्यांनी करून देण्याऐवजी मुलाला स्वतः करता यावे, हा सगळ्याचा हेतू होता. १९३९ साली त्या मद्रासला आल्या आणि युद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला. पण त्यांचा विचार महाराष्ट्राच्या आणि गुजरातच्या मातीत रुजवला तो गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत नेले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. परदेशी महाग साधनांच्या जागी बिया, शिंपले, काड्या, पाने आली. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्यामागे रानात गेली, ती कुरणशाळा. ताराबाई आणि अनुताईंचे काम कोणत्याही चर्चचे नव्हते. तरी कॅथलिक शाळेला आदिवासी मुलासाठी पहिलीचा वर्ग कसा असावा हे शिकायचे असेल, तर मॉन्टेसरीबाईंचा धागा कोसबाडवरूनच पकडावा लागेल.

अक्कलकुव्यात तर त्याहून जवळचे उदाहरण आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाओ आंदोलनाने धरणाच्या बुडीत गावांत जीवनशाळा सुरू केल्या. चिमलखेडी, मणिबेली ही त्यांतली तालुक्यातली नावे. पहिली ते चौथीच्या या निवासी शाळांत गावातलेच तरुण शिक्षक झाले, आणि सुरुवात मुलांच्या बोलीतून झाली. शिक्षक आपल्या भाषेत बोलतो म्हटल्यावर मूल पहिल्या आठवड्यात तोंड उघडते. नाहीतर ते वर्षभर गप्प बसते.

गणिताच्या तासात हे अगदी स्पष्ट दिसते. पहिलीत शिक्षक विचारतात, तेवीस शेळ्या रानात गेल्या, एकवीस परतल्या, किती राहिल्या. पाड्यावरून आलेले मूल पुष्कळदा गप्प राहते. त्याला वजाबाकी येत नाही असा निष्कर्ष काढून शिक्षक पुढे जातात. पण शेळ्या राखणारे मूल आकड्याने मोजत नाही, ओळखीने मोजते. पांढऱ्या कानाची आली, गाभण आली, लंगडी आली, दोन पाठी दिसत नाहीत, असा त्याचा हिशेब असतो. तो अचूकही असतो. शिक्षकाने प्रत्येक शेळीसाठी एक चिंचोका मांडायला सांगितला, घरी आलेल्या शेळ्यांचे चिंचोके उचलायला सांगितले, की चटईवर दोन चिंचोके उरतात. मग त्या दोन चिंचोक्यांना आकडा मिळतो, आणि आकड्याला शेवटी वजाबाकीचे चिन्ह. एवढ्या तीन पायऱ्या चढायला दोन-तीन आठवडे लागले तरी चालतील. त्यानंतर ते मूल दुसऱ्याला समजावून सांगू शकते, आणि स्वतःहून नवी गोष्ट तयार करून विचारते. पाढे घोकून आलेले मूल हे करू शकत नाही.

दुसरी-तिसरीत सात वर्षांचा उंबरा ओलांडला जातो. कॅथलिक मुलांची पहिल्या कम्युनियनची तयारी साधारण याच सुमाराला सुरू होते. त्याआधी पापनिवेदन असते. वसईकडे त्याला कुमसार म्हणतात. लहान मुलाने एकट्याने धर्मगुरूसमोर बसून आपले काय चुकले ते सांगायचे, हा त्याच्या आयुष्यातला पहिला प्रसंग असतो, जिथे आई त्याच्या वतीने बोलत नाही. तयारी नीट झाली असेल तर मूल घाबरत नाही. यामागे येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात घालून दिलेली रोजच्या आत्मपरीक्षणाची रीत आहे. दिवस संपताना थोडे थांबायचे, आज काय चांगले मिळाले ते आठवायचे, कुठे चुकले ते पाहायचे, उद्या काय करायचे ते ठरवायचे. लहान मुलांच्या वर्गात ती पाच मिनिटांत होते.

बिगरकॅथलिक मुलांसाठी वेगळी सोय लागते, आणि ती कायद्यानेही आवश्यक आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला लावता येत नाही. त्यामुळे बहुतेक शाळांत कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला बसतात, तेव्हा बाकीच्यांचा मूल्यशिक्षणाचा तास असतो. दिवसअखेरची ती पाच मिनिटे मात्र सगळ्यांची असू शकतात. याहा मोगी मातेला मानणाऱ्या घरातल्या मुलालाही आज आपण कोणाला दुखावले हे आठवता येते. त्यासाठी त्याने आपली श्रद्धा बाजूला ठेवायची गरज नाही. आदिवासी पट्ट्यात काम करणाऱ्या शाळेने ही मर्यादा काटेकोरपणे पाळली, तरच पालकांचा विश्वास टिकतो.

शिस्तीचा प्रश्न याच वयात येतो. सालेशियन संघाचे संस्थापक जॉन बॉस्को यांनी १८७७ साली आपल्या पद्धतीवर छोटे टिपण लिहिले. मुलाने चूक केल्यावर शिक्षा करण्यापेक्षा चुकीची वेळच येऊ नये इतके शिक्षकाने मुलांबरोबर राहावे, असा त्याचा गाभा आहे. त्यांनी पाया धरला तो समजावण्याचा, धर्माचा आणि मायेचा. मारापासून शक्यतो दूरच राहावे असे त्यांचे सांगणे होते. तरीही असंख्य कॅथलिक शाळा पिढ्यान्‌पिढ्या छडीसाठीच ओळखल्या गेल्या, आणि पालकही ‘मिशनच्या शाळेत शिस्त असते’ असे कौतुकाने सांगत आले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला मारणे आणि मानसिक छळ करणे या दोन्हींवर बंदी घातली. अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०१४ मध्ये दिला, पण त्यामुळे छडीला मुभा मिळाली असे समजण्याचे कारण नाही. बाल न्याय कायदा आहेच. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, छडीच्या भीतीने गप्प बसलेल्या मुलाला आत्मपरीक्षण येत नाही. त्याला लपवणे येते.

तिसरी ते पाचवीत शिकण्याची दिशा बदलते. तोवर मूल वाचायला शिकत असते; आता ते वाचून शिकू लागते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या निपुण भारत अभियानाने तिसरी पूर्ण होईपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थासह वाचता यावे आणि साधे गणित करता यावे हे लक्ष्य ठेवले, ते याच कारणाने. तिसरीत वाचन अडले, तर परिसर अभ्यास, इतिहास, भूगोल सगळे कानावरून जाते, आणि मूल मार्गदर्शकातली उत्तरे उतरवण्यावर येते. उतरवण्याची सवय हे परावलंबन आहे, वही कितीही स्वच्छ असो.

या वयात मुलांना गट हवा असतो, न्याय-अन्याय फार कळतो, आणि खरे काम आवडते. द ला साल यांची किल्ली इथे कामी येते. चौथीच्या वर्गात एक पुस्तकांचे कपाट असावे आणि त्याची किल्ली मुलांकडे असावी. दोन मुले आठवडाभर ते सांभाळतील. कोणी कुठले पुस्तक नेले हे वहीत लिहितील, परत आले की तारीख टाकतील, पान फाटले असेल तर नेणाऱ्याशी बोलतील. पहिल्या महिन्यात दोन-चार पुस्तके हरवतील. शिक्षकाने तेव्हा किल्ली परत घेतली, तर सगळे तिथेच संपते. हरवलेल्या पुस्तकाचे काय करायचे हे मुलांनी बसून ठरवले, तर त्या एका बैठकीत लेखन, हिशेब, वाद आणि निर्णय यांचा सराव होतो. येशूसंघाने १९९३ साली आपल्या शाळांसाठी जी अध्यापनाची चौकट मांडली, तिच्यात मुलाची परिस्थिती, त्याचा अनुभव, त्यावरचे चिंतन, त्यातून केलेली कृती आणि शेवटी मूल्यमापन असे टप्पे आहेत. पुस्तकांच्या कपाटात ते सगळे आपोआप येतात. मोलगीच्या बाजूला भगरीची कापणी, आमचूर करण्यासाठी कैऱ्या वाळवणे, पावसाळ्यात तुटणारा रस्ता हे विषय पाचवीच्या मुलांना पाहून, मोजून, विचारून लिहिता येतात. आजी-आजोबांकडून ऐकलेले देवमोगरा किंवा डाब या ठिकाणांचे कथन आधी बोलीत सांगायचे आणि मग मराठीत लिहून काढायचे, ही तर भाषेची उत्तम कसरत आहे.

बोलीतून मराठीकडे जाणे कॅथलिक शाळांना नवे नाही. वसईतल्या कॅथलिक घरांत सामवेदी आणि वाडवळी बोलल्या जातात, आणि तिथल्या चर्चच्या मराठी शाळांत पिढ्या शिकल्या. नंदाखालमध्ये १९४२ साली जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच मातीतले. त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक संपादित केले, आणि २०२० साली उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. घरची बोली भक्कम राहिली आणि शाळेची मराठी तिच्यावर उभी राहिली, तर दोन्ही वाढतात. आज आदिवासी पालकांना कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी असे वाटते, आणि पहिलीपासून इंग्रजी मागणाऱ्या पालकाला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. त्याला आपल्या मुलाने मागे पडू नये एवढेच हवे असते. पण बोलीतून थेट इंग्रजीत उडी मारणाऱ्या मुलाचे तिसरीपर्यंतचे वाचन फार कच्चे राहते, हे शाळांनी पालकांना प्रवेशाच्या वेळीच सांगायला हवे.

दुसरा अवघड प्रश्न बोर्डिंगचा. पाडे विखुरलेले, पावसाळ्यात ओढे भरलेले, म्हणून आश्रमशाळा आणि मिशनचे बोर्डिंग यांचा आधार खरा आहे. राज्याच्या आदिवासी विकास विभागाची अनुसूचित जमातीच्या मुलांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत पाठवण्याची योजनाही आहे. अक्कलकुव्यासाठी हे काम तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयातून चालते. त्या योजनेत सहा वर्षांचे मूलसुद्धा घर सोडून जाते. कॅथलिक परंपरेला सातव्या वर्षाबद्दल काही म्हणायचे असेल, तर ते इथे म्हणायला हवे. सातच्या आतले मूल आईजवळ असावे, निदान संध्याकाळी तिच्याकडे परतावे. त्यानंतर बोर्डिंगमध्ये आलेले मूल कपडे धुते, अंथरूण घडी करते, ताट घासते. ते स्वावलंबी झाले असे पाहणाऱ्याला वाटते. पण उठण्यापासून झोपण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट घंटेवर होत असेल, तर त्या मुलाने दिवसभरात स्वतः एकही निर्णय घेतलेला नसतो. रविवारची दुपार त्याची स्वतःची असावी, वाफ्यात काय पेरायचे ते मुलांनी ठरवावे, घरच्या बोलीत बोलल्याबद्दल कोणी रागावू नये. एवढ्या तीन गोष्टींनी बोर्डिंग पुष्कळ बदलते.

दिवाळीनंतर तालुक्यातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातकडे निघतात. मुले सोबत जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी कार्ड या सरकारी सोयी आहेत. त्या मिळवून देण्यासाठी शिक्षकाला कुटुंब निघण्याच्या आधी घरी जावे लागते. परतलेल्या मुलाला मागच्या बाकावर बसवण्याऐवजी त्याच पाड्यावरचा एक सोबती नेमून दिला, झालेले धडे त्याच्याकडून दाखवून घेतले, तर दोघेही शिकतात. द ला साल यांच्या शाळांत गल्ल्या वाटून घेणारी मुले होती. सातपुड्यात पाडे वाटून घेता येतील.

पाचवी संपली की बहुतेक मुले मोठ्या शाळेत, पुष्कळदा दूरच्या गावी जातात. तोवर जे हाती आले तेवढेच घेऊन ती निघतात. अल्पसंख्याक शाळांत शाळा व्यवस्थापन समितीचे काम शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने सल्ल्यापुरते ठेवले, आणि २०१४ च्या निकालाने तो कायदाच या शाळांना लागू राहिला नाही. त्यामुळे अशा शाळेत पालकांनी स्वतःहून विचारल्याशिवाय फारसे कळत नाही. मुलाचे नाव घालायला जाणाऱ्या आई-बापांनी फी आणि गणवेश यांच्याबरोबर आणखी चार गोष्टी विचाराव्या: पहिलीच्या शिक्षकांना आमची बोली समजते का, मुले पुस्तकांचे कपाट स्वतः उघडतात का, धर्मशिक्षणाच्या तासाला आमचे मूल कुठे बसेल, आणि ऊसतोडीवरून परतल्यावर त्याला कोण शिकवील. ही विचारणा अंगठा उठवणाऱ्या पालकालाही करता येते आणि शाळेने तिचे उत्तर दिले पाहिजे.